बाईंच्या बदलीला टाळं

तरन्नुमबाई शाळेच्या आत होत्या आणि टाळं बाहेरून लागलं होतं.

झालं ते असं. नेकनूरच्या पुढच्या वाडीतल्या या शाळेतून बाईंची बदली झाल्याची बातमी आली आणि गाव पेटलं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आसारामभाऊ गरजले, "सरकार आमच्या बाई नेतंय? ठोका शाळेला टाळं!" भल्या सकाळी टाळं ठोकलं. कोणाचं मन पाघळू नये म्हणून भाऊंनी चावी स्वतःच्या हाताने विहिरीत टाकली. आत कोणी आहे का, हे पाहायचं तेवढं राहून गेलं. बाई पहिल्या एसटीने येऊन आपले तक्ते गुपचूप गुंडाळत बसल्या होत्या.

"आसारामभाऊ!" खिडकीतून हाक आली.

भाऊ दचकले. "बाई, तुमी आत कावून?"

"शाळेत मास्तरीण आत नसेल तर कुठं असेल? कुलूप काढा."

"चावी हिरीत हाय, बाई."

बाईंना हसावं की रडावं कळेना. खरं म्हणजे ही बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली होती, आणि तीही या भाऊंपायी. भाऊ मनाने लाख माणूस. शाळेच्या पत्र्यांसाठी पंचायत समितीच्या दारात धरणं धरून बसले होते. पण वर्ग चालू असताना बेधडक आत यायचे. बाईंनी मुलं गोलात बसवली की भाऊ त्यांना ओळीत बसवायचे. पाढे थांबवून नखं तपासायचे. एकदा गोष्ट ऐन रंगात आलेली असताना सगळी पोरं मैदान झाडायला घेऊन गेले. बाईंना शिकवायची भारी हौस, पण अलीकडे घरी जाताना एसटीत त्यांना उगाच रडू यायचं.

तेवढ्यात शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी राधाकिशनसाहेब मोटारसायकलवरून आले. "बदली रद्द करा!" गाव ओरडलं.

साहेबांनी हेल्मेट काढलं. "अहो, ही बदली बाईंनीच मागितली आहे."

मग सारं गाव खिडकीशी गोळा झालं.

"मी गेटाला म्हस बांधतो म्हणून का, बाई?" धोंडीरामने विचारलं. "ही बघा, आत्ता सोडतो."

खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "माझ्या हातनं मीठ लई पडतंय व्हय?"

"नाही हो मावशी," बाई कळवळून म्हणाल्या.

भाऊ पुढे सरसावले. "बाई, भिऊ नका. ज्याचं नाव घ्याल त्याला आत्ताच्या आत्ता समितीतनं काढतो. ह्या आसारामची जबान हाय."

बाईंनी खिडकीचे गज घट्ट धरले. आजवर त्या कोणाला उलटून बोलल्या नव्हत्या. पण आज पळून जायलाही जागा नव्हती.

"मग तुम्हालाच काढावं लागेल, भाऊ."

कोणी हसलं नाही. भाऊंनी टोपी काढली, परत घातली. "मला? मी तर रोज येतो की शाळेसाठी."

"रोज येता, कधीही येता. हा वर्ग माझा आहे असं मला वाटतच नाही."

भाऊ जबान देऊन बसलेले. त्यांनी घसा साफ केला. "अध्यक्षाला काढायचा ठराव हाय. हात वर करा." इतके भराभर हात वर गेले की भाऊंना जरा वाईटच वाटलं. मग पहार आणून टाळं तोडायला घेतलं. तेही भाऊंनीच पारखून आणलेलं, त्यामुळे तुटेस्तोवर दुपार झाली. "राहायचं असेल तर उद्या कळवा," असं बाईंना सांगून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी बाई कविता शिकवत असताना दारात चपला काढल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. भाऊ उंबऱ्याबाहेर उभे होते.

"बाई, आत येऊ का?"

पोरं चाट पडली. हा प्रश्न भाऊंच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कविता होऊ द्या."

भाऊ थांबले, उन्हात, हात बांधून. बाईंनी कविता पूर्ण म्हणून घेतली आणि मग, काही गरज नसताना, आणखी एकदा म्हणून घेतली. भाऊ जागचे हलले नाहीत. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी इथंच राहते."

"कारण काय लिहू?"

"काहीही लिहा," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "या, भाऊ. आता या आत."