तात्पुरत्याचे वैरी सबनीस

जपानमधील ग्योतोकुच्या आमच्या इमारतीत राहणारे सबनीस कोणाच्याही घरी गेले, की चहाचा पेला हाती घेण्यापूर्वी त्या घरातील संगणकाची सफाई करतात. यजमानांची अनुमती ते गृहीतच धरतात. आमच्याकडे प्रथम आले तेव्हा त्यांनी देवापुढे हात जोडले, मला नमस्कार केला आणि सुनेला विचारले, "वहिनी, टेम्पररी फाइल्स शेवटच्या कधी काढल्या होत्या?" घरात सोयर आहे की सुतक, असे विचारावे तसा तो स्वर होता.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविले. यंत्र हा माझा विषय नव्हे. सबनिसांनी तो माझ्या भाषेत समजावला. "शास्त्रीबुवा, हे निर्माल्य समजा. कालचं फूल कितीही सुंदर असलं तरी आज उतरवायचं. तात्पुरतं ते टाकायचं!" हे शेवटचे वाक्य ते दिवसातून अनेकदा उच्चारतात.

येथील कचऱ्याप्रमाणे फाइलींचेही त्यांनी वर्ग पाडले आहेत: जळणारा, न जळणारा, आणि आधी विचारून मगच टाकायचा तो अवजड. "हिस्टरी जळणाऱ्यात," ते माझ्या मुलाला डोळे मिचकावून सांगतात, "आणि तीही वहिनी स्वयंपाकघरात आहेत तोवर."

त्यांच्या या निष्ठेचा एकदा आम्हांस प्रसाद मिळाला. संकष्टीच्या सकाळी त्यांनी आमची सेटिंग्ज स्वच्छ केली. त्यात पंचांगाच्या पानाला दिलेले आमचे ठिकाणही पुसले गेले आणि ते पान गुपचूप पुण्यास परतले. संध्याकाळी उपाशीपोटी मी पडद्यावरील चंद्रोदयाची वेळ पाहत बसलो. सून गच्चीतून ओरडली, "बाबा, चंद्र समोरच्या स्टेशनावर आलाय की!" मी म्हणालो, "पंचांगात अद्याप अवकाश आहे." सबनिसांना बोलावले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बुवा, मशीन स्वच्छ झालं की आपल्या माहेरी जातं."

असा हा मनुष्य स्वतःच्या संगणकाला मात्र कोणास हात लावू देत नसे. तो संगणक इतका मंद होता की उघडेपर्यंत माझे अथर्वशीर्ष म्हणून होई. पत्नी शुभदाताई गेल्या हिवाळ्यात निवर्तल्या. तेव्हापासून ते घरी एकटेच असतात. त्यांची मुलगी मृण्मयी नागोयाला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. परवा रविवारी ती आली आणि थोड्याच वेळात सबनिसांचा मला फोन आला. "बुवा, जरा येता का? पोरगी माझं मशीन पुसायला निघालीय."

मी गेलो तेव्हा ती संगणकापुढे बसली होती.

"मोऊ, बाबा!" ती जपानी सुरात वैतागली. "हे काय चालवतोस? सगळं पुसून रीसेट मारते, एकदम किरेई, चकाचक होईल."

"नको म्हटलं ना."

"लोकांच्या घरी जाऊन पुसतोस, आणि स्वतःचं असं? काका, तुम्हीच सांगा याला."

मी सबनिसांकडे पाहिले. ते पुढे झाले. मृण्मयीला निरोप पाठवायची खिडकी त्यांनी उघडली आणि केवळ 'जे' एवढेच लिहिले. मराठी लिहिण्याची जी सोय त्यात आहे, ती लिहिणाऱ्याच्या सवयी लक्षात ठेवते आणि पुढचे शब्द आपणच सुचविते. अक्षराखाली ओळ उमटली: 'जेवलीस का गं चिमणे'.

मृण्मयीचा हात माउसवरून खाली आला.

"रोज तुझा मेसेज येतो तो..."

"मला कुठलं असलं सुचायला? तुझी आई इथं बसून तुला लिहायची. मी फक्त 'जे' टाकतो. पुढचं ते तिचंच सांगतं. रीसेट केलंस की विसरेल."

"मला वाटलं, आई गेल्यापासून तूच असं बोलायला लागलास."

"बोललो असतो गं. जमत नाही."

तिने रीसेटची खिडकी बंद केली. नाक पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"'झो' टाकलं तर? रात्रीचं तिचं?"

"बघ की."

तिने 'झो' लिहिले. यंत्र नेहमीप्रमाणे अडखळले, आणि आम्ही तिघेही पडद्याकडे वाकलो.