कुलथेकाकांचा खटका

कुलथेकाका लग्नाच्या पंगतीतही हरकत नोंदवतात. वाढप्यानं शेजारच्या पानात जिलबी आधी टाकली, की हे बोट वर करून म्हणणार, "हरकत नोंदवा." आता ती कोण नोंदवणार? वाढपी घाबरून दोन जिलब्या जास्त टाकतो. काका त्या खातात, पण "हरकत कायम ठेवून."

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या आणि माझ्या शेडच्या मध्ये एकच भिंत आहे. माझी शेड मी घासाघीस करून उभी केली. लोखंडवाल्याला रडवल्याशिवाय मी माल उचलत नाही. ड्रिल मशीनवर लोखंडाचा तुकडा घट्ट धरणारा एक क्लॅम्प काकांनी शोधून काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. तसाच मीही काढला. म्हणजे अगदी तसाच नाही, दांडा अडवणारा छोटा खटका तेवढा गाळला. स्वस्त पडतो. काकांनी केस ठोकली. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मला मिळाल्यातच जमा होती. कंपनीनं कळवलं, निकाल लागेपर्यंत थांबा. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

त्यात आम्ही दोघंही राहायला पुंडलिकनगरात. काकांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही. पहिल्याच तारखेला ते सकाळी माझ्या दारात हजर.

"एकाच कोर्टात चाललोत ना? मग रिक्षा कशाला?"

माझ्याविरुद्धची जाडजूड फाईल माझ्याच पाठीला टेकवून ते मागं बसले, ते दर तारखेला बसतच राहिले. वळणावर कानाशी ओरडायचे, "हळू घे रे! तू पडला तर मी केस कुणावर चालवू?"

एकदा सिग्नलला मी विषय काढला. "काका, आकडा सांगा. मिटवून टाकू."

"आकडा नाय. खटका लाव. मग खुशाल बनव."

"फुकट?"

"फुकट."

फुकट म्हटलं की मी सावध होतो. वकिलाला विचारलं, तर तो ओरडलाच. "खटका लावला म्हणजे नक्कल कबूल! खटका नाही, हाच तर आपला बचाव आहे." मला पटलं. म्हातारा लई बेरकी, असं मनात म्हणून मी आणखी चिडलो.

निकाल माझ्या बाजूनं लागला. खटका नाही, म्हणून नक्कल नाही. येताना काका मागंच बसले होते. पण वळणावर "हळू घे रे" काही आलं नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो. खरं सांगतो, मीठ चोळायलाच गेलो होतो. इतक्या तारखा झाल्या, पण त्या घरात मी पाऊल टाकलं नव्हतं. काकूंनी दार उघडलं आणि पुडा डाव्या हातानं घेतला. उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं.

माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. "सुरुवातीला कामगार परवडायचा नाही. मशीनवर मीच बसायचे. दांडा उलटला," त्या म्हणाल्या. "मग यांनी तो खटका काढला."

काका बाहेर आले. पेढा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"चोरलास त्याचं काय नाय रे. पण चोरायचाच होता तर पुरा चोरायचास ना."

काकांनी कोपऱ्यातली गोणी पायानं माझ्याकडे सरकवली. आत खटके होते, पण त्यांच्या क्लॅम्पचे नव्हते. माझा क्लॅम्प थोडा अरुंद आहे, आणि हे खटके त्याच मापाचे होते. कोर्टात देण्यासाठी काकांनी बाजारातून माझा एक क्लॅम्प विकत आणला होता, त्यावरून माप घेतलेलं.

"तारखेहून आले, की हेच करत बसायचे," काकू म्हणाल्या.

मी गोणी उचलली. चांगलीच जड होती.

"भाव सांगा, काका." तोंडातून सवयीनं निघून गेलं.

काकांनी बोट वर केलं.

"हरकत नोंदवा."