बालवाडीची तपासणी

"मुलीसाठी बालवाडी निवडायची, त्यात अवघड ते काय?" असं मी बायकोला म्हणालो तेव्हा मी सोफ्यावर आडवा होतो. माणूस आडवा असला की त्याला सगळंच सोपं वाटतं.

शिवाय माझा धंदाच तो. मी कारखाने तपासतो. गाड्यांचे ब्रेक बनवणारे मोठमोठे कारखानदार मला पाहून घाम पुसतात. पंख्याची जाळी सैल असो की वेल्डरच्या डोळ्यांवर चष्मा नसो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. या नजरेपायीच कंपनीने मला परदेशात आणून ठेवलं, आणि माझ्यामागोमाग बायको आली, चार वर्षांची भिंगरी आली. मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण ती दोन मिनिटं एका जागी बसली तर आम्ही ताप बघतो.

"हे बघ," बायको म्हणाली, "तुझ्या बदलीपायी मी माझा दातांचा चांगला चालणारा दवाखाना बंद केला. वर्षभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे दात बघतेय. आता कुठे कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये नोकरी मिळालीय. पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय. तोवर पोरीची सोय झाली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देतील. तेव्हा झोपून सांगू नकोस, उठून बघ."

उठलो.

पहिली बालवाडी भरलेली होती. दुसरीत रांग इतकी लांब, की नंबर लागेस्तोवर भिंगरीचं लग्न झालं असतं. अग्निशमन केंद्रामागच्या तिसऱ्या बालवाडीत मात्र एक जागा होती. मी फाटक उघडलं. अंगणात चार-पाच वर्षांची दोन पोरं खऱ्याखुऱ्या करवतीने फळी कापत होती, आणि गमबूट घातलेल्या एक धिप्पाड बाई उलट्या बादलीवर बसून शांतपणे ते बघत होत्या.

"ही करवत आहे," मी त्यांना सांगितलं.

"हो," गमबूटबाई म्हणाल्या. "चांगली आहे. नवीच आणलीय."

मी सरळ मुद्द्यावर आलो. "तुमचा अभ्यासक्रम काय?"

"खेळ."

"आणि खेळून झाल्यावर?"

"जेवण."

"जेवणानंतर?"

"पुन्हा खेळ."

"मग शिकवता कधी?"

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

एखाद्या कारखान्याने अशी उत्तरं दिली असती तर मी त्याला त्याच दिवशी टाळं ठोकलं असतं. पण जागा एवढी एकच होती आणि घरी दातांची डॉक्टर वाट बघत होती. बाई म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी मुलीला घेऊन या. बघू जमतंय का."

बघू जमतंय का! म्हणजे मुलाखत. हे मला बरोबर कळतं. मी तिथूनच ताईला फोन लावला. तिच्या मुलाला बालवाडीत घालताना तिने जेवढी तयारी केली होती, तेवढ्यात एखादा माणूस कलेक्टर झाला असता.

"रंग, आकार, प्राणी आणि शरीराचे अवयव," ताईने फोनवर सांगितलं. "हे चार घोटून घे. आणि तू सूट घाल. अरे, बालवाडीच्या मुलाखतीत पोरं नापास होत नाहीत, आईबाप होतात."

मग काय, आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. नाक कुठे, गुडघा कुठे, त्रिकोण कुठे. जोडीला मी रोज एक धडा घ्यायचो. "सोडायला आल्यावर रडायचं नाही. शहाण्यासारखं राहायचं. संध्याकाळी आई न्यायला येईल. काय?"

"रडायचं नाही, शहाण्यासारखं राहायचं, संध्याकाळी आई न्यायला येईल," भिंगरी हत्तीला कानाने लोंबकळवत म्हणायची. हत्ती कापडी होता. त्याचा एक कान तिने लहानपणीच खाल्ला होता.

"तिला त्रास देऊ नकोस रे," बायको म्हणाली. "इथे असलं काही विचारत नसतील."

"तू दात बघ," मी म्हणालो. "तपासणी माझ्याकडे."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. भिंगरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, पांढऱ्या मोज्यांत. मी सुटात, टाय लावून. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि अंगणाचा पार चिखल झाला होता. त्या चिखलात बारा-पंधरा पोरं म्हशींसारखी सुखाने डुंबत होती. गमबूटबाई बादलीवर बसल्या होत्या.

मी म्हणालो, "ही तयार आहे. विचारा."

"काय विचारू?"

"प्रश्न."

"मला काही प्रश्न नाहीत," बाई म्हणाल्या आणि चहा पिऊ लागल्या.

आता ही कुठली पद्धत? पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. बाई विचारत नाहीत तर आपण विचारावं. "भिंगरे, तुझा गुडघा कुठेय?" भिंगरीने गुडघ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तो डबा कुठल्या आकाराचा?" तिने सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. एक मुलगी खोरं घेऊन आली आणि तिच्यापुढे धरलं. भिंगरीने खोऱ्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या मोज्यांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बाई चहा पिता पिता हे सगळं बघत होत्या. त्यांची ती नजर मी ओळखली. कारखान्यात मी स्वतः तसाच बघतो. जागा हातची चाललीय, नोकरीही चाललीय, आता बायकोला काय तोंड दाखवू?

तेवढ्यात त्या मुलीने खोरं टाकलं आणि भिंगरीच्या तळहातावर एक जिवंत गांडूळ ठेवलं.

"टाक ते!" मी ओरडलो आणि धावलो. चामडी तळव्याचे बूट, ओला चिखल. पुढचं सांगायला नको. मी पाठीवर पडलो आणि तसाच घसरत थेट करवतीच्या फळीपर्यंत पोहोचलो. मग सगळ्या पोरांना वाटलं हा नवीन खेळ आहे, आणि एकामागून एक सगळी माझ्यामागे घसरत आली. सर्वांत पुढे आमची भिंगरी होती, आणि गांडूळ तिने मुठीत सांभाळून धरलं होतं. एवढी हसताना मी तिला या देशात आल्यापासून पाहिलं नव्हतं. ते बघून चिखलात पडल्या पडल्या मलाही बरं वाटलं.

तिथे प्रत्येक पोराच्या खुंटीवर कपड्यांचा जादा जोड असतो, पण माझ्या मापाचा कुणाचा नव्हता. शेवटी मला स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन मिळाला. तो बांधून मी उभा होतो तेव्हा बाई म्हणाल्या, "जमेल."

जागा मिळाली! ताईला मी सुटाचा उपयोग झाल्याचं कळवलं. कसा ते नाही कळवलं.

पण अजून एक पायरी होती. इथली रीत अशी, की पोराला दारात सोडून पळायचं नाही. आईने किंवा बापाने आधी वर्गाच्या कोपऱ्यात बसायचं, मग थोडा वेळ बाहेर जायचं, मग आणखी थोडा, असं पोर रुळेपर्यंत. सोबत घरची एक आवडती वस्तू द्यायची. एकटं वाटलं की पोर ती हातात धरतं. भिंगरीने अर्थात हत्ती नेला.

"निवडलीस तू, तर बस तूच," बायको म्हणाली. मी रजा टाकली आणि पोरांच्या वीतभर खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसलो. बोलायचं नाही आणि मदत करायची नाही, एवढीच अट होती. मी भिंगरीच्या जॅकेटची चेन लावून दिली, तर बाईंनी ती पुन्हा उघडून दिली. बाहेर जायला सांगितलं तेव्हा मी खिडकीतून डोकावत राहिलो, तर बाईंनी पडदा ओढला. भिंगरी एकदाही रडली नाही. तिला माझी आठवण तरी येते का, असं मी एकदा विचारलं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला ते फार लागलं.

बघता बघता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. उद्या बायको रुजू होणार होती. आज मी फाटकाशी निरोप घ्यायचा आणि सरळ ऑफिसला जायचं, एवढंच उरलं होतं. घेतला निरोप. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि टोपी द्यायची राहिली म्हणून परत आलो. टोपी तिच्या डोक्यावरच होती. पुन्हा गेलो, पाण्याची बाटली बघायला परत आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा मला कारणही सुचलं नाही.

गमबूटबाई फाटकाशी आल्या. "मुलगी पहिल्याच दिवशी रुळली," त्या म्हणाल्या. "तुमचं काही जमत नाही. तुम्ही असे परत परत आलात की ती खेळ सोडून तुमच्याकडे बघत बसते. उद्या तिच्या आईला पाठवा."

"उद्या? उद्या तिची नोकरी सुरू होतेय हो!"

"मग आज जा," बाई म्हणाल्या.

कळत होतं. पाय निघत नव्हता. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं होतं, ते पुसत मी तसाच उभा होतो. तेवढ्यात भिंगरी चिखलातून पचपच करत आली आणि फाटकाच्या गजांतून तोंड काढून म्हणाली, "बाबा, रडायचं नाही. शहाण्यासारखं राहायचं. संध्याकाळी आई न्यायला येईल."

मग तिने जरा विचार केला आणि गजांतून हत्ती माझ्या हातात दिला. "हा ने. एकटं वाटलं की धर."

एवढं सांगून ती पळाली, आणि मी ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी बायको रुजू झाली. सगळं नीट चाललंय.

आणि त्या निरोपाच्या दिवशी ब्रेकवाल्यांबरोबर झालेल्या मोठ्या मिटिंगमध्ये माझ्या मांडीवर काय होतं म्हणाल, तर ते टेबलाखाली होतं. कुणाला दिसलं नाही.