पाठ कशी हाय?

बाबालालचाचा कुठलीही गाडी दुरुस्तीला घेताना आधी तिच्या मागच्या, माल भरायच्या हौद्यात आडवे होतात. उताणे, हात पसरून, डोळे मिटून. कुंडलच्या फाट्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक हे बघून घाबरतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाणी आणायला धावले होते.

"वैनी, पाठ गेली हिची," ते पडल्या पडल्या म्हणाले.

हौद्याच्या तळाला ते पाठ म्हणतात. रस्त्यात भेटले तरी इंजिनाची चौकशी नाही, टायरची नाही. "पाठ कशी हाय?" एवढंच. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी मला हे विचारलं आणि मागच्या बाईने मला कंबरदुखीवरचं तेल सुचवलं. इंजिन बिघडलं की बोंबलतं, पाठ बिचारी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे आणि पिकअप मी स्वतः चालवते. ओल्या ट्रेमधून पाणी गळतं, तळाचा पत्रा गंजतो. यंदा तर भोकातून रस्ता दिसायला लागला. ऐन लागणीचा हंगाम, रहिमतपूरचा शेतकरी रोपांसाठी रोज फोन करतोय, आणि माझी गाडी चाचांच्या दुकानात.

काम मात्र बघत राहावं असं. गंजका पत्रा कापला, खालच्या पट्ट्या खरवडून तांबडा रंग दिला, पाणी जायला कोपऱ्यांत भोकं पाडली. ट्रे घसरू नयेत म्हणून मी नक्षीचा खडबडीत पत्रा सांगितला होता. त्यांनी सपाट टाकला. वर सांधे घासत बसले. घासायचं, तळहात फिरवायचा, पुन्हा घासायचं.

"नक्षी टोचती," म्हणाले.

"कुणाला? रोपांना?"

"आवं, टोचती म्हंजे टोचती."

त्यात त्यांचा एक नियम. नव्या पाठीवर पहिली खेप हलकी. गाडी तयार झाली की ते स्वतः चुरमुऱ्यांचं पोतं चढवून देतात. "बाळंतिणीला कुणी हंडा उचलाय लावतं व्हय?" सगळा तालुका हसतो आणि सगळा तालुका चुरमुरे नेतो. मी म्हटलं, चाचा, आणा ते पोतं, मला उशीर होतोय.

पोतं आलंच नाही. चाचा नुसते हात पुसत राहिले.

"पैली खेप माजी द्या, वैनी. कोयनानगर."

त्यांची बायको, मुमताजभाभी, कित्येक वर्षं अंथरुणावर आहे. तिला बसता येत नाही. चाचा दिवसातून कितीदा तरी दुकान टाकून घरी पळतात, तिला कुशीवर वळवतात, पाठीला तेल लावतात, हे अख्ख्या गावाला माहीत. त्याचा हौद्याशी संबंध मात्र कुणीच जोडला नव्हता, मीही नाही. कोयनानगर तिचं माहेर. दुसऱ्या दिवशी तिथे भाचीचं लग्न होतं आणि भाभी हट्टाला पेटली होती. ॲम्ब्युलन्स तिला नको होती. तसल्या गाडीतून गेले तर मांडवात रडारड सुरू होईल, असं तिचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

रहिमतपूरला फोन करून सांगितलं, रोपं लग्नानंतर. तो काय बोलला ते इथे लिहीत नाही.

सकाळी तळावर रबरी मॅट, मॅटवर दोन गाद्या आणि गाद्यांवर नवी साडी नेसून, सुरमा घालून भाभी, तिच्या उशाशी चाचा. गावातून निघताना हॉर्न वाजवायचा, असा तिचा हुकूम. मी वाजवला, चांगला लांबलचक. पाटणच्या पुढे वळणं लागली तशी मी स्टेअरिंग घट्ट धरलं. भाभी मात्र आडवी पडूनच रस्ता ओळखत होती. आता ओढा येईल, आता चढ. ओढा आला, चढही आला. तिचा आवाज वळणागणिक चढत होता आणि मलाही कसलीशी घाई सुटली होती. त्या घाईत एक खड्डा चुकवायचा राहिला.

केबिनच्या मागच्या खिडकीतून चाचांचा आवाज आला, "पाठ कशी हाय?"

"गाडीची इचारताय का माजी?" भाभी म्हणाली.

मी आरशात पाहिलं. चाचा तिच्या शेजारी आडवे झाले होते, उताणे, डोळे मिटून, एक हात तिच्या पाठीखाली.