कौसाआत्या हाजर

कौसाआत्याला कुणीही हाक मारा, ती ‘ओ’ देत नाही, ‘हाजर’ म्हणते. भाजीवाल्याला हाजर, दवाखान्याच्या आशाताईला हाजर. एकदा शेजारच्या घरात सासूने आपल्या कौसल्या नावाच्या सुनेला हाक मारली, तर ही सूप टाकून तिथेही हाजर.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. शाळेत कधी बसली नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला, म्हणून शहाणाही मीच, असा माझा समज होता.

मंगरूळपीरच्या कॉलेजात सरांनी मला सेमिनारला विषय दिला : स्टोइक तत्त्वज्ञान आणि स्त्री-पुरुष समानता. विद्यापीठाच्या स्पर्धेला वर्गातून एकच जण जाणार होता. मी ओसरीत बसून मोठ्याने पाठ करत होतो, आत्या तूर निवडत होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधले एक गुरू म्हणत, बाईलाही पुरुषाइतकीच बुद्धी आहे, मुलीलाही मुलासारखंच शिकवावं.

“हे समजाले रोमले जा लागते काय?” आत्या म्हणाली.

पुढे होतं, तत्त्वज्ञान शिकलेली बाई घरही उत्तम सांभाळते. आत्याचा हात सुपात थांबला.

“अन् शिकलेला बाप्या काय सांभाळते, हे नाई लिवलं त्यानं?”

मी नोट्स उलटसुलट पाहिल्या. नव्हतं. तीन आठवडे वाचून मला एक प्रश्न सुचला नव्हता, हिला तूर निवडता निवडता सुचला. आईसुद्धा हसली. माझ्या बोलण्यावर ती कधी हसत नाही. त्या दिवशी मी आत्याशी बोललोच नाही.

सेमिनारच्या शेवटी मात्र मी तोच प्रश्न विचारला. सर खूश झाले. कुठे सापडला म्हणाले. “सुचला, सर,” मी म्हणालो. निवड माझी झाली.

घरी येईपर्यंत ते खोटं काही पचेना. आत्याला सांगून टाकलं. ती रागावली नाही.

“तुह्या बापाच्या नावालेबी मीच हाजर मनत होती.”

लहानपणी बाबा शाळा चुकवून बोरं खायला जात. ही धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वर्गाच्या मागच्या खिडकीशी उभी राही. गुरुजी मान खाली घालून हजेरी घेत. “त्याइले वाटे, पोराचा आवाजच बारीक हाय.”

“अन् तुझं नाव?”

“माह्यं कोन घेनार?”

निवड गेली तर गेली, असं म्हणून मी सरांना फोन लावला. प्रश्न कुणाचा ते सांगितलं. सरांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. मी ते सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

“कौसल्या सखाराम,” सर लिहून घेता घेता सावकाश म्हणाले. माझं नाव त्यांनी इतकं सावकाश कधी घेतलेलं नाही.

आत्याने पदर सारखा केला. आवाज खरंच बारीक झाला होता.

“हाजर.”