वरच्या थराची वानगी

इतवारीतले धान्याचे व्यापारी मनोहरराव गिरडे यांच्या पोटात दुर्बीण घालून डॉक्टर तारा दाणी यांनी तिथल्या जखमेचे दोन तुकडे काढले. तुकडे तांदळाच्या कणीएवढे. प्रयोगशाळेने कळवलं की, ही साधी सूज आहे की लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हे एवढ्याशावरून सांगता येत नाही; आणखी तुकडे पाठवा.

मनोहरराव पार घाबरले. पण त्यांचा जन्म वानगी दाखवण्यात गेला होता. गिऱ्हाइकापुढे माल ठेवायचा तो निवडून, पाखडून. तेव्हा पुढची तारीख मिळताच त्यांनी पोट निवडायला घेतलं. सावजी रस्सा बंद, चहा बंद, दोन्ही वेळा दूधभात. शिवाय ओळखीच्या औषधवाल्याकडून, डॉक्टरांना न विचारता, जळजळ मारणाऱ्या गोळ्या. पोट दुखायचं थांबलं.

"काहून इतकं पथ्य करून राहिले?" पुष्पलताबाईंनी नवऱ्याला विचारलं. "डॉक्टरबाईनं तं सांगितलं नाही."

"माल दाखवाचा हाय ना," मनोहरराव म्हणाले. "चांगला नाही दिसला पाहिजे का?"

तारखेला दोघं रामदासपेठेतल्या दवाखान्यात गेली. पोट अजिबात दुखत नाही, भूकही लागते, असं मनोहररावांनी सांगितलं. डॉक्टरबाई खूश झाल्या. तसं असेल तर साधी सूजच असावी, आज दुर्बीण राहू दे, दोनेक महिन्यांनी बघू, असं त्या म्हणू लागल्या. मनोहररावांनी लगेच टोपी डोक्यावर ठेवली.

पुष्पलताबाई मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"बाई, यायनं गोया खाऊन पोटाले पॉलिश करून आणलं हाय," त्या म्हणाल्या. "दुकानात हे सोता कोणाची वरची मूठ घेत नाही. पोत्याच्या बुडापर्यंत परखी खुपसून आतला दाणा काढतेत. तुमी बी तसंच करा."

मनोहररावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू भर बाजारात तिने त्यांचं वजनमाप खोटं ठरवलं होतं. डॉक्टरबाईंनी गोळ्यांची नावं विचारली आणि टोपी काढायला सांगितली. दुर्बिणीतून पाहिलं तर जखम वरून भरत आली होती. त्यांनी चारी बाजूंचे तुकडे घेतले, आणि त्याच जागी पुन्हा चिमटा घालून खालचेही घेतले.

लिम्फोमाच निघाला. पण अगदी सुरुवातीचा. मनोहररावांनी बायकोशी अबोला धरला. ऑपरेशनच्या सकाळी मात्र, आत नेईपर्यंत, तिचा हात सोडला नाही. पोटाचा थोडा भाग गेला, माणूस राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरबाई वर्षाचा गहू घ्यायला दुकानात आल्या. मनोहरराव गादीवरून धावत उठले. देव दारी आल्याचा आनंद त्यांना झाला होता आणि तो खरा होता. दारातल्या पोत्याच्या तोंडातून त्यांनी ओंजळभर गहू डॉक्टरबाईंच्या हातावर ओतला. पिवळाजर्द, टपोरा.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "परखी कुठे ठेवता तुम्ही?"

मनोहररावांनी हळूच पोत्याचं तोंड मिटलं.

"हे राहू द्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी आतलं काढतो."