कलम अकरा आणि पांढरा स्पंज

एखादा प्राणी अस्तित्वात आहे की नाही, हा निर्णय त्या प्राण्यावर सोपवून चालत नाही. प्राण्याला स्वतःबद्दल फार ममत्व असतं. म्हणून केर्कना बेटावरच्या सागरी नोंद कार्यालयाने हे काम एकेचाळीस वर्षांपूर्वीच आपल्या अंगावर घेतलं आणि आजवर कमालीच्या निःपक्षपातीपणे पार पाडलं.

पद्धत सोपी होती. कलम अकरा: समुद्रातून आलेला प्रत्येक स्पंज आम्लात बुडवावा, मांस जळून जाऊ द्यावं, उरलेला सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नाव लिहावं. कलम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर त्या दिवशी काचेच्या सांगाड्याचे स्पंज होते, आणि काचेला अशा आम्लाचं काही वाटत नाही. काही बारक्या स्पंजांचा सांगाडा मात्र चुन्याचा असतो. चुना आम्लात पडला की फेस येतो, मग फेसही जातो. एकेचाळीस वर्षांत असा फेस दोनशे बारा वेळा आला. (रकाना सातमध्ये त्याची नोंद आहे. शेरा: आम्ल ताजं असल्याची खूण.) चुन्याचे स्पंज सापडले शून्य. एवढ्या भक्कम पुराव्यावरून बेटाचा किनारा ‘चुनखडी स्पंजरहित’ म्हणून जाहीर झाला.

अशा सुरळीत चाललेल्या कार्यालयात रौदा नऊ वर्षं सहायक संशोधक होती, आणि तिला दोनशे तेरावा सापडला. जुन्या धक्क्याखाली, सावलीतल्या खांबांवर. खजुराच्या बीएवढा, पांढरा, सुरईसारखा उभा, तोंडाशी बारीक काट्यांची झालर. त्याला डोकं नाही, हृदय नाही. अंगभर असलेल्या भोकांतून तो पाणी आत घेतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घेतो, बाकीचं वरच्या तोंडाने सोडून देतो आणि जागचा हलत नाही. (एवढ्या पात्रतेवर कार्यालयात कोणतंही वरिष्ठ पद मिळालं असतं. पण तो आपली पिल्लं अंगातच पोसतो आणि पोहण्याजोगी झाली की आपणहून सोडून देतो. तिथे त्याची शिफारस अडली असती.)

असा स्पंज रौदाला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही, की बेटाभोवतीच्या दुसऱ्या कुठल्या खांबावर. आणि जुना धक्का येत्या गुरुवारी काँक्रीटखाली जायचा होता. खाली नोंद झालेला दुर्मीळ प्राणी असेल तर काम थांबवता येत होतं. प्राणी होता, नोंद नव्हती.

बेटावर तिला सहानुभूती मिळणं कठीणच होतं. केर्कनाच्या माणसाला स्पंज म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. त्याचे बापजादे बुड्या मारून ते काढत आले. कार्यालयाची झाडलोट बघणारा खमैसकाकाही जुना बुडी मारणारा. त्याने बशीत डोकावून पाहिलं.

“यानं पाठ घासता येते?”

“नाही काका.”

“साबण धरतो?”

“नाही.”

“मग हा स्पंज कसला, पोरी? असली कुसळं पायात मोडली की आम्ही शिव्या घालायचो.”

रौदा कार्यालयाचे प्रमुख सी नूरी (‘सी’ म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’) यांच्याकडे गेली. म्हणाली, ॲसिडऐवजी जाव्हेल वापरू या, कपड्यांचे डाग काढायचं असतं तेच. त्याने मांस जाईल, चुना राहील.

“मादाम रौदा,” सी नूरी हळहळून म्हणाले, “जाव्हेल सफाई विभागाला येतं. शास्त्र विभागाला ॲसिड मंजूर आहे. आज जाव्हेल मागता, उद्या झाडू मागाल.”

“झाडूनं निदान तो विरघळणार तरी नाही हो!”

“बघा, म्हणजे पद्धतीवरच संशय.”

तरीही ते माणूस न्यायी. मंगळवारी त्यांनी पाच जणांची समिती बोलावली. रौदाने दोन नमुने आणले होते, एक आम्लासाठी, एक जाव्हेलसाठी. समितीने पुदिन्याचा चहा घेत दीड तास विचार केला आणि मधला मार्ग काढला: नमुना स्पंज असल्याचं आधी आम्लात सिद्ध व्हावं; तसं झाल्यास जाव्हेलचा विचार करता येईल. पहिला नमुना आम्लात गेला. रौदाने डोळे मिटून घेतले. इतिवृत्तात असं नमूद आहे: ‘नमुन्याने उत्साहाने भाग घेतला, परंतु निकालापर्यंत थांबला नाही.’

समिती जेवायला गेली. खमैसकाका डगल्याआडून जाव्हेलची बाटली घेऊन आला.

“धर. हा स्पंज आहे असं मी अजूनही म्हणत नाही. पण तुझं तोंड असं उतरलेलं मला बघवत नाही.”

दुसरा नमुना जाव्हेलमध्ये घातला. मांस गेलं आणि काचेवर शेकडो त्रिशूळ उरले, तीन हातांचे, लखलखीत, एकही मोडलेला नाही. रौदाला हसूही आलं आणि रडूही. काकाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“इतकं देखणं पायात मोडत होतं,” तो म्हणाला, “आणि मी शिव्या घालत होतो.”

सी नूरींनीही पाहिलं. त्यांचाही आवाज क्षणभर मऊ झाला. “सुंदर! अगदी सुंदर. पण सफाईच्या सामानाने निघालेली वस्तू सफाईच्याच वहीत जाते. नियम मी केलेला नाही.”

सफाईच्या वहीत रकाने तीनच: घाण, जागा, काढल्याची तारीख. काकाने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: पांढरा स्पंज, जुना धक्का. तिसरा रकाना त्याने मुद्दाम कोरा ठेवला.

सफाईच्या वहीत घाण म्हणून असलेल्या प्राण्यासाठी काम थांबत नाही. गुरुवारी दुपारी सी नूरींनी तो रकाना भरला. वही अर्धवट राहिलेली त्यांना खपत नसे.

रौदा नव्या धक्क्यावर पाऊल ठेवत नाही. कार्यालयाच्या ताज्या अहवालात चुन्याचे स्पंज शून्यच आहेत. वाचकांना कार्यालयाचा राग आला असेल तर तो त्यांच्या सज्जनपणाला शोभेसाच आहे. मात्र ही गोष्ट हाती पडेपर्यंत त्यांच्या लेखीही ही संख्या शून्यच होती, आणि त्यासाठी त्यांना आम्लाचा एक थेंबही लागला नव्हता.